मल्टी-थ्रेड प्रोग्राम अडकला की आधी बघा लॉक कुणाकडे आहे

वडोदऱ्यात मकरपुरा जीआयडीसीतल्या एका कारखान्यात भट्टीचं तापमान नोंदवणारा प्रोग्राम मी लिहिलाय, लिनक्सवर, सी प्लस प्लसमध्ये. मेन थ्रेड सोडून तीन थ्रेड (प्रोग्रामच्या आत एकाच वेळी चालणारी स्वतंत्र कामं) आहेत, एक सेन्सर वाचतो, दुसरा डेटाबेसमध्ये लिहितो, तिसरा स्क्रीनवर दाखवतो. दर तीन-चार दिवसांनी हा प्रोग्राम गप्प व्हायचा. क्रॅश नाही, एरर नाही, नुसता स्क्रीनवरचा टाइम थांबलेला. रात्रपाळीचे काका फोन करायचे, "साहेब, फरी अटकी गयुं", आणि मी अर्धवट झोपेत सांगायचो, बंद करून परत चालू करा काका. दोन महिने हेच. आणि त्या दोन महिन्यांत दर वेळी बगचा सगळा पुरावा त्या रीस्टार्टबरोबर पुसला जात होता.

म्हणून पहिलं काम सांगतो, बाकी काही नाही वाचलंत तरी चालेल पण हे करा: अडकलेला प्रोग्राम मारू नका. क्रॅश झालेल्या प्रोग्रामपेक्षा अडकलेला प्रोग्राम खूप बरा, कारण त्याची सगळी मेमरी, सगळे थ्रेड, प्रत्येक लॉक (एका वेळी एकाच थ्रेडने डेटाला हात लावावा म्हणून घ्यायची किल्ली) जिथल्या तिथे शाबूत असतं, तुम्ही फक्त जाऊन बघायचं असतं. तिथे थांबणं शक्यच नसेल, मशीन लगेच चालू करायचं असेल, तर जीकोर नावाची कमांड आहे, तिला प्रोसेसचा नंबर द्या, ती चालू प्रोसेसची कोर फाइल, म्हणजे मेमरीची जशीच्या तशी प्रत, काढून ठेवते आणि प्रोसेस जिवंत राहते. मग खुशाल रीस्टार्ट करा आणि फाइल घरी बसून बघा.

आता बघायचं कसं. आधी खात्री करा की हा लॉकचाच प्रॉब्लेम आहे. टॉप कमांड कॅपिटल एच देऊन चालवा, म्हणजे थ्रेडवार सीपीयू दिसतो. सगळे थ्रेड शून्य टक्क्यावर झोपलेले असतील तर कुणीतरी कुणाची तरी वाट बघतंय. एखादा थ्रेड शंभर टक्क्यावर पळत असेल तर तो बहुतेक कुठल्यातरी लूपमध्ये फिरतोय, तिथे म्युटेक्सच्या (लॉकचंच तांत्रिक नाव) मागे लागून दिवस घालवू नका.

शून्य टक्के दिसलं की जीडीबी (डिबगर, म्हणजे चालू प्रोग्रामच्या आत बघायचं साधन) लावा, जीडीबी हायफन पी आणि पुढे प्रोसेस नंबर. उबुंटूवर साध्या यूजरला बहुतेक परवानगी मिळत नाही, कारण तिथे पीट्रेस स्कोप (दुसऱ्या प्रोसेसमध्ये डोकावण्यावर बंधन घालणारं सेटिंग) १ असतो, तर सुडो लावून चालवा. आत गेल्यावर आधी पेजिनेशन ऑफ करा, लॉगिंग ऑन करा म्हणजे सगळं फाइलमध्ये जाईल, आणि मग ही एकच ओळ: थ्रेड अप्लाय ऑल बीटी. सगळ्या थ्रेडचे स्टॅक, म्हणजे कुठल्या फंक्शनने कुठलं बोलावलं ती साखळी, एका दमात बाहेर येतात. तुमचा कोड हायफन जी देऊन बिल्ड केलेला असला पाहिजे, नाहीतर ओळींचे नंबर, व्हेरिएबलची नावं दिसणार नाहीत. ऑप्टिमायझेशन चालू असलं तरी हायफन जी देता येतं, प्रॉडक्शनच्या बिल्डमध्येही ठेवा, प्रोग्राम त्याने हळू होत नाही, फक्त फाइल मोठी होते.

स्टॅकच्या अगदी वरच्या टोकाला एलएलएल लॉक वेट किंवा फ्यूटेक्स वेट असं काहीतरी दिसेल, त्याच्याखाली पीथ्रेड म्युटेक्स लॉक, आणि त्याच्याखाली तुमचं फंक्शन. नव्वद टक्के लोक इथे चुकतात, मीही चुकलो होतो. ते बघतात की अरे, डेटाबेसवाला थ्रेड लॉकवर अडकलाय, आणि मग डेटाबेसचा कोड उलटापालटा करत बसतात. पण तो थ्रेड तर बिचारा रांगेत उभा आहे. दाराशी उभ्या माणसाची झडती घेऊन काय मिळणार, किल्ली ज्याच्या खिशात आहे त्याला शोधा.

आणि तो शोधता येतो! लिनक्सवर ग्लिब्सीच्या (तिथली सी लायब्ररी) म्युटेक्समध्ये मालकाचा नंबर लिहिलेला असतो. जीडीबीत तुमच्या फंक्शनच्या फ्रेमवर (स्टॅकमधल्या त्या पायरीवर) जा आणि म्युटेक्स प्रिंट करा, आत डेटा नावाचं स्ट्रक्चर दिसेल, त्यात लॉक, काउंट, ओनर, एनयूझर्स, काइंड अशी फील्ड असतात. स्टँडर्ड लायब्ररीचं म्युटेक्स असेल तर एक थर आणखी आत जावं लागतं, एम म्युटेक्स नावाच्या मेंबरमध्ये. लॉक हे फील्ड ० असेल तर म्युटेक्स मोकळं, १ म्हणजे कुणीतरी घेतलंय, २ म्हणजे घेतलंय आणि कुणी वाट बघत असण्याची शक्यता आहे. ओनरमध्ये जो आकडा दिसतो तो थ्रेडचा कर्नलमधला नंबर, तोच जीडीबीच्या इन्फो थ्रेड्समध्ये एलडब्ल्यूपी म्हणून दिसतो. दोन्ही जुळवा, झालं. ग्लिब्सीची डिबग माहिती मशीनवर नसेल आणि प्रिंट नीट होत नसेल तर म्युटेक्सच्या पत्त्यावरचे पहिले चार इंटिजर बघा, एक्स स्लॅश ४ डी डब्ल्यू, त्यातला तिसरा आकडा ओनर.

माझ्या केसमध्ये त्या रात्री मी शेवटी स्वतः गेलो होतो. स्क्रीनवर १:४७ वाजलेले, माझ्या मनगटावर अडीच. लॅपटॉप पॅनेलच्या बाजूला उलट्या बादलीवर ठेवला, नेटवर्क वायर लावली, जीडीबी लावला. ओनर निघाला २३१८. इन्फो थ्रेड्समध्ये होते २२९१, २३०४, २३०५ आणि २३४२. तीनदा वाचलं, २३१८ नाहीच. म्हणजे लॉक ज्याच्याकडे होतं तो थ्रेड केव्हाच संपलेला होता आणि लॉक बरोबर घेऊन गेला होता.

तिथून पुढे दहा मिनिटं लागली. माझा सेन्सरवाला थ्रेड लाइनमध्ये काही गडबड झाली की संपायचा आणि मेन थ्रेड नवीन सुरू करायचा, म्हणून नंबर बदलत होते. फंक्शनमध्ये लॉक घेतलेलं, मग आरएस-४८५ वरून, म्हणजे सेन्सरच्या सीरियल लाइनवरून, वाचलेलं, टाइमआउट आला तर अनलॉक करून रिटर्न, पण सीआरसी (मेसेज वाटेत बिघडला का ते तपासणारा आकडा) चुकला तर नुसताच रिटर्न. एक ओळ राहिलेली. सीआरसी क्वचितच चुकायचा, शेजारच्या शेडमध्ये वेल्डिंग चालू असेल तेव्हाच, कारण आमची केबल त्यांच्या पॉवर केबलला चिकटून गेलेली. ऑफिसात टेबलावर हा बग कधीच आला नाही त्याचं कारण हे.

तर ओनर कळला की पुढे काय ते त्या ओनरवर ठरतं. ओनर यादीतच नाही, तर माझ्यासारखी केस: लॉक घेतल्यापासून सोडेपर्यंतच्या सगळ्या वाटा बोट ठेवून वाचा, प्रत्येक रिटर्न, प्रत्येक ब्रेक, एक्सेप्शन उडू शकेल अशी प्रत्येक ओळ. पीथ्रेड कॅन्सल वापरत असाल तर ते सगळ्यात आधी बघा, लॉक धरलेला थ्रेड मध्येच कॅन्सल झाला तर लॉक तसंच राहतं. उपाय एकच, हाताने लॉक-अनलॉक लिहायचं बंद करा. लॉक गार्ड वापरा, स्कोप संपला की तो स्वतः सोडतो, रिटर्नने बाहेर पडा नाहीतर एक्सेप्शनने. साध्या सीमध्ये असाल तर फंक्शनच्या शेवटी एकच बाहेर पडायची जागा ठेवा आणि गोटू करून तिथे या, गोटू वाईट वगैरे जे कॉलेजात शिकवतात ते इथे विसरा.

ओनर स्वतः तोच थ्रेड, जो वाटही बघतोय? मग एकाच थ्रेडने एकच लॉक दोनदा मागितलंय. एका फंक्शनने लॉक घेतलं आणि आत दुसऱ्या फंक्शनला बोलावलं, तेही तेच लॉक मागतंय. लगेच रिकर्सिव्ह म्युटेक्स लावून मोकळे होऊ नका, त्याने प्रोग्राम चालेल पण अर्धवट बदललेला डेटा आतलं फंक्शन वाचू शकतं आणि तो बग याहून वाईट. बाहेरचं फंक्शन लॉक घेईल, आतलं घेणार नाही, आणि आतल्याच्या नावातच तसं लिहायचं, ही पद्धत बरी.

ओनर जिवंत आहे पण लॉक धरून कुठेतरी रीडमध्ये, स्लीपमध्ये, डेटाबेसच्या कॉलमध्ये बसलाय, तर हे डेडलॉक (एकमेकांची वाट बघत कायमचं अडकणं) नाही, ही सवय आहे. लॉक धरून आयओ करायचं नाही. माझाही कोड तसाच होता हे त्याच रात्री दिसलं, सीरियल पोर्ट वाचताना लॉक धरलेलं. आता आधी वाचतो लोकल व्हेरिएबलमध्ये, मग लॉक घेऊन फक्त कॉपी करतो, दोन ओळी, लॉक सोडला.

आणि ओनर दुसरा थ्रेड, जो स्वतः दुसऱ्या लॉकवर अडकलाय, तर त्या दुसऱ्या लॉकचा ओनर बघा, मग त्याचा, असं करत गेलं की गोल पूर्ण होतो. एकीच्या हातात लाटणं, दुसरीच्या हातात पोळपाट, आणि दोघी म्हणतायत तू आधी दे, पोळी काही होत नाही. कॉफमन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये डेडलॉकला लागणाऱ्या चार अटी मांडल्या: वस्तू एका वेळी एकाकडेच, हातातली धरून दुसरी मागणं, कुणाच्या हातातून हिसकावता न येणं, आणि हा गोल. चारातली एक जरी मोडली तरी डेडलॉक होत नाही, आणि रोजच्या कोडमध्ये मोडायला सगळ्यात सोपी शेवटची. सगळ्या लॉकना क्रम ठरवा, कागदावर लिहा, कोडच्या वर कॉमेंटमध्ये लिहा, आणि सगळ्यांनी त्याच क्रमाने घ्यायची. दोन लॉक एकदमच हवी असतील तर सी प्लस प्लस १७ मध्ये स्कोप्ड लॉक आहे, दोन्ही एकत्र द्या, गोल होणार नाही याची काळजी तोच घेतो. फसवतात ते कॉलबॅक, म्हणजे दुसऱ्याने तुम्हाला बोलवायला दिलेली फंक्शन. तुम्ही लॉक धरून कुणाचातरी कॉलबॅक बोलावता, तो आत कुठलं लॉक घेतो ते तुमच्या फाइलमध्ये दिसतच नाही. कॉलबॅक बोलवायच्या आधी लॉक सोडा.

लॉक फेल होतं म्हणजे दर वेळी अडकतंच असं नाही, कधी फंक्शन एरर परत देतं आणि आपण बघतच नाही. पीथ्रेड म्युटेक्स लॉक एरर नंबर थेट रिटर्न करतं, एररनो मध्ये ठेवत नाही, त्यामुळे पीएरर लावलंत तर भलताच मेसेज दिसेल, कधी कधी सक्सेस सुद्धा. रिटर्न व्हॅल्यू पकडा आणि एसटीआरएररला द्या. लिनक्सवर २२ आला तर बहुतेक वेळा म्युटेक्स इनिशियलाइझच झालेलं नाही किंवा मोडलंय. ३५ म्हणजे हे लॉक तुमच्याकडे आधीच आहे. अनलॉकवर १ आला तर तुम्ही दुसऱ्याचं लॉक सोडायला गेलात. १६ ट्रायलॉकवर येतो, कुणीतरी घेतलंय एवढंच. १३० फक्त रोबस्ट म्युटेक्सवर, म्हणजे आधीचा मालक लॉक धरून मेला. लक्षात ठेवायची गोष्ट अशी की लिनक्सवर साधं डीफॉल्ट म्युटेक्स यातलं ३५ आणि १ देतच नाही, ते गपचूप अडकतं किंवा गपचूप सोडतं. म्हणून डिबग बिल्डमध्ये म्युटेक्सचा टाइप एररचेक करून ठेवा, अॅट्रिब्यूट लावून दोन-तीन ओळींचं काम आहे. स्टँडर्ड लायब्ररीच्या म्युटेक्सला ही सोय नाही, मी स्वतःचा छोटा रॅपर क्लास केलाय, डिबगमध्ये आत पीथ्रेडचं एररचेकवालं, रिलीजमध्ये साधं.

एक वेगळीच केस म्हणजे प्रोग्राम अबॉर्ट होतो आणि स्क्रीनवर ग्लिब्सीचा असर्शन येतो की म्युटेक्सचा ओनर ० असायला हवा होता आणि नाहीये. ग्लिब्सीला नावं ठेवू नका, तिने चांगलं केलं. याचा अर्थ म्युटेक्सच्या मेमरीवर कुणीतरी लिहिलंय, किंवा ज्याने घेतलं नाही त्याने अनलॉक केलंय, किंवा ज्या ऑब्जेक्टमध्ये म्युटेक्स होतं ते डिलीट होऊन गेलंय आणि थ्रेड अजून वापरतोय. तिसरं प्रोग्राम बंद होताना फार होतं: मेन संपतो, ग्लोबल ऑब्जेक्ट मोडायला लागतात, डिटॅच केलेला, म्हणजे मोकळा सोडलेला थ्रेड अजून पळतोय. थ्रेड डिटॅच करू नका, थांबायला सांगा आणि जॉइन करा, म्हणजे तो संपेपर्यंत थांबा. मेमरीवर लिहिलं जात असेल तर अॅड्रेस सॅनिटायझर (मेमरीच्या चुका पकडणारं कंपाइलरचं साधन) लावा, किंवा जीडीबीत त्या ओनर फील्डवर वॉचपॉइंट लावा, ती जागा बदलली की तो प्रोग्राम थांबवतो. हार्डवेअरचा असतो म्हणून प्रोग्राम जवळपास नेहमीच्या वेगाने चालतो, पण प्रत्येक लॉकला थांबेल, म्हणून कंडिशन लावा.

आता थ्रेड सॅनिटायझर. जीसीसी किंवा क्लँगला एफसॅनिटाइझ थ्रेड असा फ्लॅग द्यायचा, कंपाइलला पण आणि लिंकला पण, बस. प्रोग्राम साधारण ५ ते १५ पट हळू होतो, मेमरी ५ ते १० पट खातो, आणि अॅड्रेस सॅनिटायझरबरोबर एकाच बिल्डमध्ये चालत नाही, वेगळे बिल्ड करा. पण देतो काय, तर लॉकशिवाय केलेला डेटाचा वापर दाखवतो, दोनदा केलेलं लॉक, न घेतलेल्याचं अनलॉक, आणि सगळ्यात मोलाचं म्हणजे उलट क्रमाने घेतलेली लॉक, प्रत्यक्ष डेडलॉक झाला नसला तरी. म्हणजे तीन दिवसांनी येणारा बग पहिल्याच रनमध्ये पकडता येतो, अट एवढीच की कोडची ती वाट एकदा तरी चालली पाहिजे. कारखान्यातल्या छोट्या बोर्डावर हे झेपणार नाही, तर ऑफिसच्या पीसीवर खोटा सेन्सर लिहून चालवा, मुद्दाम चुका करणारा. बिल्ड परत करता येत नसेल, दुसऱ्याची लायब्ररी असेल, तर व्हॅलग्राइंडमधलं हेलग्राइंड वापरा, बरंच हळू चालतं पण बायनरी आहे तशी चालते.

प्रिंटएफ टाकून शोधू नका. प्रिंटएफच्या आतही लॉक असतं, त्याने थ्रेडची वेळ बदलते आणि बग नाहीसा होतो, तुम्ही प्रिंटएफ काढलं की परत येतो, यात आठवडे जातात. उलट करा, दोन लॉकच्या मधे मुद्दाम काही मिलीसेकंद स्लीप टाका, म्हणजे अडकायची शक्यता वाढते. आरआर नावाचं रेकॉर्डर आहे, त्याला केऑस मोड आहे, तो थ्रेडचे टर्न मुद्दाम विचित्र करतो, आणि एकदा अडकलेलं रेकॉर्ड झालं की तेच हवं तितक्या वेळा मागे-पुढे करून बघता येतं.

दोन गोष्टी पटकन. मल्टी-थ्रेड प्रोग्राममध्ये फोर्क केलंत, म्हणजे प्रोसेसची नक्कल काढलीत, तर चाइल्डमध्ये फोर्क करणारा एकच थ्रेड येतो, बाकीच्यांनी धरलेली लॉक मात्र धरलेलीच येतात, म्हणून फोर्कनंतर लगेच एक्झेक करा, म्हणजे तिथे नवा प्रोग्राम चालू करा, मधे काही नको. आणि सिग्नल हँडलरमध्ये (सिग्नल आला की मध्येच चालणारं फंक्शन) म्युटेक्स, मॅलॉक, प्रिंटएफ काहीही नको, एक फ्लॅग लावा आणि बाहेर पडा.

थ्रेडना प्रायोरिटी दिलेली असेल तर अजून एक जागा बघावी लागते. १९९७ मध्ये मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडरचा कॉम्प्युटर सारखा रीसेट होत होता, कारण हवामानाचा डेटा गोळा करणाऱ्या कमी प्रायोरिटीच्या टास्ककडे म्युटेक्स, जास्त प्रायोरिटीचा टास्क त्याची वाट बघतोय, आणि मधल्या प्रायोरिटीचे टास्क सीपीयू घेऊन बसलेले, त्यामुळे ज्याच्याकडे लॉक आहे त्याला ते सोडायला वेळच मिळेना. वॉचडॉग, म्हणजे काम वेळेत झालं नाही की दखल घेणारी यंत्रणा, दर वेळी रीसेट करायचा. म्युटेक्सवर प्रायोरिटी इनहेरिटन्स (लॉक धरणाऱ्याला वाट बघणाऱ्याची प्रायोरिटी तात्पुरती देणं) बंद होतं, ते पृथ्वीवरून चालू केलं आणि थांबलं. पीथ्रेडमध्ये हेच प्रायो इनहेरिट या अॅट्रिब्यूटने मिळतं, रिअलटाइम प्रायोरिटी वापरत असाल तर लावाच.

दुरुस्ती झाली की ती झाली हे सिद्ध करा, चार दिवस अडकला नाही म्हणजे सुटलं असं नसतं. मी खोट्या सेन्सरकडून दर दहाव्या मेसेजला चुकीचा सीआरसी पाठवला आणि रात्रभर चालवला, जुना बिल्ड पहिल्याच मिनिटात अडकला, नवा सकाळपर्यंत चालू होता. जुनाही चालवून बघणं गरजेचं आहे, नाहीतर तुमची टेस्ट बगपर्यंत पोचतेय की नाही हेच कळत नाही.

आणि पॅनेलवर आता काकांसाठी एक बटण आहे. अडकलं तर ते दाबायचं, आधी जीकोर चालतं, तारखेच्या नावाने फाइल पडते, मगच रीस्टार्ट होतं, साधारण वीस सेकंद जास्त लागतात. शेवटच्या तीनच फाइल ठेवतो, कारण कोर फाइल मोठ्या असतात आणि डिस्क भरली तर डेटाबेसच बंद पडेल. ज्या बिल्डची कोर आहे तीच बायनरी जीडीबीला द्यावी लागते, म्हणून प्रत्येक रिलीजची हायफन जी वाली बायनरी मी जपून ठेवतो, तुम्हीही आजपासून ठेवायला लागा.